वासुदेवभाऊंच्या गाडीचा धूर

"मिस्त्री, गाडी लय धूर मारून राहिली."

हे वाक्य ऐकण्यात माझं आयुष्य गेलं. यातल्या 'लय'चा अर्थ मात्र प्रत्येकाचा वेगळा निघतो. कोणाची बायको मागे बसायला तयार नसते, कोणाचा शेजारी भांडायला आलेला असतो, आणि कोणाच्या गाडीला काहीच झालेलं नसतं, फक्त मुलाला नवी गाडी हवी असते. म्हणून धुराची तक्रार आली की मी आधी गाडीकडे बघत नाही, गाडी आणणाऱ्याकडे बघतो. चार शब्द बोलू देतो. नंतर नाक सायलेन्सरजवळ नेतो.

मी जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलींचा मिस्त्री. काम अमरावतीला शिकलो, दुकान अकोल्यात टाकलं. आता दुकान पुतण्या बघतो. तो नव्या गाड्यांना मशीन लावून दोष वाचतो आणि कपडे मळू न देता घरी जातो. जुन्या गाडीला मशीन लावायची सोय नाही, तिथे नाक, कान आणि बोटं लावावी लागतात. तशी गाडी आली की तो मला फोन करतो आणि मी लगेच चप्पल घालतो. बायको म्हणते, एवढ्या घाईनं तुम्ही कधी लग्नालासुद्धा निघाला नाहीत. ते खरं आहे.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आजच्या गाडीत इंजिनाचं ऑइल वेगळं राहतं. ते जळत नाही, जुनं झालं की काढून टाकायचं. जुन्या टू-स्ट्रोकचं तसं नाही. तिचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. ते पेट्रोलबरोबर आत जातं, पिस्टनला वंगण देतं आणि पेट्रोलबरोबर जळून बाहेर पडतं. त्यामुळे थोडा निळसर धूर हा या गाडीचा आजार नव्हे. उलट धूर अजिबात नसेल तर मलाच काळजी वाटते. ऑइलशिवाय चालवली तर पिस्टन सिलिंडरात जाम होतो, मागचं चाक जागच्या जागी थांबतं आणि चालवणारा रस्त्यावर पडतो.

म्हणजे प्रश्न धूर का येतो हा नसतोच. जास्त का येतो, हा असतो. काळा आणि कोरडा धूर असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, कार्बोरेटर नाहीतर एअर फिल्टर बघायचा. थंडीत सकाळी पांढरा येतो आणि इंजिन तापलं की जातो, तो ओलाव्याचा, त्याला काही करायचं नसतं. निळा, दाट, डोळ्यांना झोंबणारा असेल तर ऑइल. आता हे ऑइल कुठून आलं ते शोधायचं. कधी शेजारच्या गिअरबॉक्समधलं ऑइल झिजलेल्या रबरी सीलमधून इंजिनात ओढलं जातं. कधी सायलेन्सरच्या आतल्या जाळीत जुनं ऑइल साचून राहतं. आणि कधी माणसानंच टाकीत जास्त ओतलेलं असतं.

यातला शेवटचा प्रकार सगळ्यात सोपा, असं मी बरीच वर्षं समजत होतो. माणूस काय ओतेल याचा मात्र नेम नसतो. अकोल्यात सरकीच्या तेलाची घाणी असलेले एक शेठ माझ्याकडे येत. घरचं एवढं तेल असताना बाजारातलं कशाला घ्यायचं, म्हणून त्यांनी पेट्रोलमध्ये सरकीचं तेल घातलं. गाडी सुरू केली आणि सबंध गल्लीत भजी तळल्याचा वास सुटला. समोरचा हॉटेलवाला बाहेर येऊन आपली कढई बघून गेला. शेठना मी म्हणालो, "गाडी पिवर व्हेज केली न तुमी." त्यांना ते इतकं आवडलं की इंजिन खोलायचं दुःखच राहिलं नाही.

आता ज्या धुराबद्दल लिहायचं आहे तो असा हसण्यावारी जाणारा नव्हता.

वासुदेवभाऊ बाळापूरकडचे. लिंबाची बाग, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, अंगानं काटक. त्यांच्याकडे दोन सायलेन्सरची, किक आणि गिअरचा एकच दांडा असलेली ती जुनी मोटरसायकल. नाव सांगत नाही, ज्यांनी चालवली त्यांना ओळख पटली असेल. भाऊंनी ती तरुणपणी घेतली आणि पहिल्यापासून माझ्याकडेच दाखवली. गाडी ठेवावी तर त्यांनी. टाकीच्या झाकणालाच खाली एक लहान पेला असतो, ऑइल मोजून ओतायला. तो बहुतेकांच्या गाडीत मातीनं बरबटलेला असतो. भाऊ प्रत्येक वेळी ऑइल ओतलं की खिशातल्या फडक्यानं तो पेला पुसून कोरडा करत आणि मगच झाकण लावत. ओलसर पेल्याला धूळ चिकटते आणि तीच टाकीत जाते, हे मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो. ऐकलं एकट्या भाऊंनी.

मागच्या उन्हाळ्यात पुतण्याचा फोन आला. दुकानात पोचलो तर भाऊ खुर्चीवर मान खाली घालून बसलेले आणि त्यांचा मुलगा गजानन रुमालानं डोळे पुसत उभा.

"मिस्त्री, मी बाबाच्या मांगंमांगं आलो बाळापूरहून," गजानन म्हणाला. "सारा रस्ता धूर खात आलो. लोकं शिव्या देऊन राहिले. बंद होत असन तं करा. नाही तं नागपूरचा एक जण गाडी पाहून गेला, जुन्या गाड्या जमवते थो. दसऱ्याच्या पयले त्याले देऊन टाकतो."

भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "गाडी गेली तं मी बागेत कसा जाऊ? याले टाइम भेटला तं जायचं, नाही तं ओट्यावर बसून रस्ता पायत राहायचं? तसं नाही जमत मले."

गजाननचंही काही चुकत नव्हतं. धूर खरंच फार होता. गाडी सुरू केल्यावर समोरचं दुकान दिसेनासं झालं.

मी रीतीप्रमाणे कामाला लागलो. धूर निळा, म्हणजे ऑइल. प्लग काढला, तो काळा आणि ओला. चांगल्या गाडीचा प्लग चहाच्या रंगाचा निघतो. मग गिअरबॉक्स पाहिला. सील गेलं असतं तर तिथलं ऑइल कमी झालं असतं, ते जिथल्या तिथे होतं. कार्बोरेटर स्वच्छ. शेवटी टाकीतल्या पेट्रोलचा एक थेंब वर्तमानपत्रावर टाकला आणि शेजारी माझ्या हातानं मिसळलेल्याचा एक टाकला. पेट्रोल उडून जातं, ऑइलचा डाग मागे राहतो. माझा डाग लहान आणि फिकट होता. भाऊंचा पसरतच गेला.

"भाऊ, ऑइल जास्त पडून राहिलं."

"मी मापानंच टाकतो, मिस्त्री. तुमाले माहीत नाही काय?"

माहीत होतं. म्हणून तर कोडं पडलं. मग मला बाग आठवली. "फवारणीचा पंप पेट्रोलवर चालते न तुमचा? त्याचं पेट्रोल कोणत्या डबकीत ठेवता?"

गजाननच्या लक्षात आलं. फवारणीचा पंपही टू-स्ट्रोकच. त्याच्या डबकीत, म्हणजे छोट्या कॅनमध्ये, ऑइल मिसळलेलं पेट्रोल तयार असतं. गाडीतलं पेट्रोल संपलं की बागेतला कोणीतरी त्या डबकीतून ओतत असणार आणि भाऊ वरून आपलं माप घालत असणार. दुप्पट ऑइल! आमच्याकडे बाग, पंप आणि जुनी गाडी एकाच घरात असली की हा घोळ होतोच. आम्ही तिघंही हसलो. मी टाकी रिकामी केली, सायलेन्सरच्या जाळ्या काढून विस्तवात घालून भाजल्या, कारण त्यात साचलेलं ऑइल पुढे कितीतरी दिवस धूर देत राहतं. ताजं पेट्रोल, नेमकं ऑइल. गाडी कशी छान फटफट करत गेली. दुसऱ्या दिवशी भाऊंनी पिशवीभर लिंबं पाठवली आणि मी आठवडाभर स्वतःवर खूश होतो.

पुढे पोळा झाला आणि गजाननचा फोन आला. "मिस्त्री, पुन्हा तसंच. डबकीले मी कुलूप लावलं, किल्ली माह्याजवळ आहे. आता तुमीच सांगा."

मी मनात म्हटलं, हे काही बरोबर नाही. आणि खरं लिहायचं तर माझा संशय गजाननवर गेला. गिऱ्हाईक तयार, दसरा जवळ आलेला, आणि डबकीची किल्ली याच्याजवळ. टाकीत थोडं ऑइल ओतून ठेवलं की काम झालं. म्हाताऱ्याची गाडी त्याच्या हातून काढायला धुराइतकं चांगलं निमित्त कुठलं? त्याला फोनवर काही बोललो नाही. रविवारी एसटीनं बाळापूर गाठलं आणि तिथून ऑटोनं बागेत गेलो. हत्यारांची पिशवी आणि ऑइलची नवी बाटली बरोबर होती.

बागेत भाऊ एकटे होते. टाकीतल्या पेट्रोलचा थेंब कागदावर टाकला, डाग पहिल्यापेक्षा मोठा. मी टाकी रिकामी केली. येताना बाळापूरच्या पेट्रोल पंपावर घेतलेलं कोरं पेट्रोल भरलं. भाऊंनी माझ्या नव्या बाटलीचं बूच काढलं, झाकणाचा पेला भरून मापानं ऑइल ओतलं, फडक्यानं पेला पुसला, झाकण लावलं आणि गाडी दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवली, ऑइल मिसळावं म्हणून. ही जुनी रीत, आजकाल कोणी करत नाही. मला बघून बरं वाटलं.

मग आम्ही लिंबाच्या झाडाखाली बसून थर्मासमधला चहा घेतला. भाऊ जुन्या गोष्टी सांगत होते. अकोटच्या रस्त्यावर तरुणपणी एकदा ऑइल घालायचं राहून गेलं होतं, पिस्टन जाम झाला आणि ते नव्या नवरीसकट कपाशीच्या पऱ्हाटीत जाऊन पडले होते. "तवापासून ऑइलाले कधी कमी नाही पडू देलं," ते म्हणाले. दोघंही हसलो. कप विसळून ते उठले, गाडीजवळ गेले, टाकीचं झाकण उघडलं आणि बाटली उचलून पेल्यात ऑइल ओतू लागले.

"भाऊ, आत्ताच टाकलं न तुमी."

"कवा?"

"चहाच्या पयले. मी अठीच उभा होतो."

"नाही, मिस्त्री. आता झाकण उघडलं तवा पेला कोरडा होता."

पेला कोरडा होताच, नेहमीसारखा पुसलेला. मी बाटलीकडे बोट दाखवलं. बाटली नवी होती, बूच त्यांनीच काढलं होतं, आणि ऑइल खाली उतरलं होतं. भाऊ बाटलीकडे पाहत राहिले. मग त्यांनी भरलेला पेला सावकाश बाटलीत परत ओतला. एक थेंब सांडू दिला नाही.

मी इतकी वर्षं इंजिनं खोलली. आत काय निघेल याची धाकधूक असते, पण निघालेलं पाहून जीव गलबलला असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. गजाननबद्दल जे मनात आणलं होतं त्याचीही लाज वाटली.

"किती दिवसांपासून, भाऊ?"

"समजत नाही. टाकलं का नाही टाकलं, असं होते. मंग वाटते, नसन टाकलं तं? जाम झाली तं? म्हून टाकून देतो." त्यांनी बाटलीचं बूच लावलं. "गज्याले नका सांगू, मिस्त्री. गाडी नेऊन टाकन थो."

धूर बंद करणं माझ्या हातात होतं. ऑइलची बाटली त्यांच्याकडून काढून घ्यायची, तयार मिसळलेलं पेट्रोल दुकानातून पाठवायचं, बस. गाडी स्वच्छ चालली असती, गजाननही खूश, भाऊही खूश, नागपूरवाला हात हलवत परत गेला असता. मिस्त्री म्हणून माझं काम तिथे संपत होतं. तसं करावं असं वाटलंही. त्या माणसाला मी दुकानातल्या त्या दिवसाआधी कधी खाली मान घालून बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायचं नव्हतं.

पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवेना. "भाऊ, रस्ता चुकता काय कधी?"

"चुकत नाही. एक डाव फाट्यावर उभा राहिलो. डावीकडं जा का उजवीकडं, समजेच ना. रोजचा रस्ता, मिस्त्री. मंग एक ओळखीचा दिसला, त्याच्या मांगं गाडी लावली."

मग मात्र माझं ठरलं. त्या घरात भाऊंचं दुखणं दाखवणारा धूरच तेवढा होता. तो मी बंद केला असता तर कोणाला काही कळायच्या आत हा माणूस एखाद्या ट्रकसमोर उभा राहिला असता.

"मी सांगत नाही," मी म्हणालो. "तुमी सांगा. मी अठीच बसतो."

दुपारी गजानन आणि त्याची बायको वर्षा डबा घेऊन आले. वर्षा रोज तोडणीच्या बायकांबरोबर बागेत असते, लिंबाचा सगळा हिशेब आणि बाजार तीच बघते. भाकरी वाढून झाली तरी भाऊंनी हात लावला नाही.

"गजानन, गाडीत काही खराबी नाही," ते म्हणाले. "ऑइल मीच दोनदोनदा टाकतो. टाकलेलं आठवत नाही मले."

गजाननचा घास हातातच राहिला. आता हा चिडेल असं मला वाटलं. तो चिडला नाही. "अन् तुमी रोज एकटे येता न बाबा या गाडीवर," एवढं बोलला आणि हातातला घास परत ठेवला. मला तेव्हा कळलं की हा माणूस धुरावर चिडला नव्हताच. तो बऱ्याच दिवसांपासून घाबरलेला होता, फक्त कशाला ते त्याला सांगता येत नव्हतं.

भाऊंनी किल्ली काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. "घे. मी नाही चालवत. पण कोणाले देऊ नको."

गजाननने किल्लीला हात लावला नाही. मग वर्षा म्हणाली, "मी तं रोज येतोच न बागेत, मामाजी. स्कूटी चालवतोच. हे गाडी शिकवता काय मले?"

"हे?" गजानन म्हणाला. "याची किक मारता येईन काय तुले?"

"ताकदीचं काम नाही थे," भाऊ म्हणाले, आणि किती वेळानं त्यांनी मान वर केली. "मी दाखवतो."

आणि त्यांनी खरंच दाखवलं. जेवण तसंच राहिलं. पेट्रोलचा कॉक किती फिरवायचा, दांडा हळूहळू दाबत पिस्टन वर आलेला पायाला कसा समजतो, मग किक कुठे मारायची आणि तोच दांडा आत दाबून गिअर कसा टाकायचा. एकही गोष्ट मागेपुढे झाली नाही. तासाभरापूर्वी ओतलेलं ऑइल ज्यांना आठवत नव्हतं त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीची विद्या सुनेला जशीच्या तशी दिली. हे असं का होतं ते डॉक्टरांना विचारा, मला एवढंच कळलं की मी पाहिलेलं ते सगळ्यात चांगलं शिकवणं होतं. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि तोडणीच्या बायका टाळ्या वाजवत आल्या.

गजाननने भाऊंना अकोल्याला डॉक्टरकडे नेलं. औषध चालू आहे. हे दुखणं परत फिरणारं नाही, त्याची चाल कमी करता येते इतकंच डॉक्टर म्हणाले. नागपूरवाल्याला गजाननने स्वतः फोन करून नाही सांगितलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाऊ आणि वर्षा माझ्या दुकानात आले, क्लचची केबल बदलायला. गाडी वर्षा चालवत होती, भाऊ मागे बसले होते, मांडीवर लिंबाची पिशवी. गावात पहिले काही दिवस लोकांनी बघून घेतलं, बोलूनही घेतलं, आता त्यांनाही सवय झाली असं ती म्हणाली. केबल बदलून झाल्यावर तिनं दुकानाशीच पेट्रोल भरलं, पेल्यानं मोजून ऑइल ओतलं, गाडी डावी-उजवीकडे हलवली. सासऱ्यांनी शिकवलं होतं तसं सगळं नीट. फक्त तिनं पेला पुसला नाही. मला राहवलं नाही, मी टोकायला तोंड उघडलंच होतं.

"वर्षा, ऑइल टाकलं काय?" भाऊंनी विचारलं.

"टाकलं, मामाजी." तिनं झाकण त्यांच्यासमोर धरलं. भाऊंनी ओल्या पेल्यात बोट घातलं, अंगठ्यावर घासून पाहिलं.

"हां, टाकलं," ते म्हणाले.

मी तोंड मिटलं. गाडी सुरू झाली. मागे निळसर धुराची एक बारीक रेघ निघाली, निघायला हवी तेवढीच. भाऊ मागे बसले, पिशवी सावरली, आणि गाडी कोपऱ्यापर्यंत गेली नाही तोच मला त्यांचा आवाज ऐकू आला, "वर्षा, ऑइल टाकलं काय?"

तिनं गाडी हळू केली. मागे न बघता, जराही न चिडता म्हणाली, "बोट पाहा, मामाजी."

भाऊंनी हात डोळ्यांजवळ नेला आणि आपलं बोट पाहिलं.